पद्धतशीर आढावा (कर्करोग संशोधन)

एका नेमक्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास आधी जाहीर केलेल्या निकषांनी शोधून, पारखून एकत्र मांडण्याची संशोधनपद्धती. आकडे गणिताने एकत्र केले, तर त्या भागाला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. तो प्रत्येक आढाव्यात असायलाच हवा असे नाही.

रुग्णगट, उपचार, तुलना आणि परिणाम आधी ठरवून आराखडा प्रॉस्पेरो या नोंदवहीत (२०११ पासून) नोंदवतात. रुग्णगटात कर्करोगाचा टप्पा आणि आधीचे उपचार लिहिले नाहीत, तर पुढे कोणता अभ्यास घ्यायचा यावर वाद ठरलेलाच. मेडलाइन, एम्बेस आणि सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या व चाचण्यांच्या सूचींमध्ये शोध घेऊन दोघे जण एकमेकांचे निर्णय न पाहता चाळणी लावतात.

कर्करोगात हमखास होणारी चूक म्हणजे दुहेरी मोजणी. एकाच उपचार-चाचणीचा (क्लिनिकल ट्रायल) आधी परिषदेतला सारांश येतो, मग मुख्य लेख, पुढे दीर्घकालीन निकाल आणि उपगटांचे विश्लेषण. म्हणून मोजायची ती चाचणी, लेख नव्हे. नोंदणी क्रमांकावरून लेखांची सांगड घालतात.

दुसरी अडचण काळाची. किती रुग्ण दगावले याबरोबर केव्हा दगावले हेही मोजायचे असल्याने हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतील मृत्युदरांचे गुणोत्तर, वापरतात. तो ०.७५ आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.६० ते ०.९४ असेल, तर दोन्ही मर्यादांच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधला फरक ३.९२ ने भागून प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) मिळते : सुमारे ०.११. रेशो दिलेलाच नसेल, तर कॅप्लन-मायर आलेखावरून, म्हणजे काळानुसार किती रुग्ण जिवंत राहिले हे दाखवणाऱ्या रेषांवरून, अंदाज काढतात. आलेखाखाली जोखमीतील (त्या-त्या वेळी अजून निरीक्षणाखाली असलेल्या) रुग्णांची संख्या छापलेली नसली, की हा अंदाज डळमळीत होतो. इम्युनोथेरपीत (प्रतिकारशक्तीला चालना देणारे उपचार) दोन गटांच्या रेषा उशिरा फाकतात, तिथे एकच रेशो दिशाभूल करू शकतो. प्रत्येक रुग्णाची मूळ माहिती मिळवणे सर्वांत चांगले, पण त्याला वर्षे लागतात. स्तनाच्या कर्करोगात ऑक्सफर्डहून समन्वय होणारा चाचणीकारांचा गट १९८०च्या दशकापासून हे काम करत आहे.

रोग न वाढता गेलेला काळ आणि एकूण जगण्याचा काळ एकत्र मिसळू नयेत. तुलनागटातील रुग्णांना रोग वाढल्यावर नवे औषध दिले गेले असेल, तर एकूण जगण्यातला फरक झाकला जातो.

यादृच्छिक चाचण्यांतील पूर्वग्रहाचा धोका आरओबी-२ या साधनाने पाच अंगांनी तपासतात, पुराव्याची खात्री ग्रेड या पद्धतीने ठरवतात. दहापेक्षा कमी अभ्यास असताना फनेल आलेखाची (अभ्यासांचे निकाल त्यांच्या अचूकतेसमोर मांडणारा, न छापलेल्या अभ्यासांचा संशय दाखवणारा आलेख) असममिती तपासण्यात अर्थ नसतो. तरी तो छापला जातोच.

प्रकाशनासाठी प्रिझ्मा २०२० या अहवाललेखनाच्या मार्गदर्शिकेची २७ मुद्द्यांची यादी भरतात. परीक्षक बहुधा आधी प्रवाह-आकृतीतली (किती लेख सापडले, गाळले आणि घेतले हे दाखवणारी आकृती) बेरीज जुळते का हे पाहतात, मग पूर्ण शोधसूत्र मागतात. शोधाला वर्ष उलटले असेल, तर सादर करण्याआधी तो पुन्हा चालवावा.