‘ड्रायझोन’: वरुड-मोर्शीतल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्याच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात शेतकरी, बँकेचे साहेब आणि पुढारी, सगळ्यांच्याच तोंडी ‘ड्रायझोन’ असतो, म्हणजे भूजलाचा उपसा फार झाल्याने नव्या विहिरींना बंदी असलेला भाग. भूजल कायद्यात मात्र हा शब्द नाही.

1984 साली देशभरासाठी भूजल मोजण्याची एक पद्धत ठरली. वर्षाकाठी वापरता येण्याजोग्या भूजलापैकी 65 टक्क्यांच्या आत उपसा असेल तर ‘व्हाइट’, 65 ते 85 टक्के ‘ग्रे’, त्यावर ‘डार्क’. नव्या विहिरीला कर्ज मिळणार की नाही, ते या रंगावर ठरे. बोलता बोलता ‘डार्क’चा ‘ड्राय’ झाला असावा. 1997 च्या पद्धतीत रंग गेले आणि सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित अशा पायऱ्या आल्या. ‘ड्राय’ तेवढा चिकटून राहिला, आणि तोच घोळ करतो. अतिशोषित म्हणजे जितके मुरते त्यापेक्षा जास्त उपसले जाते. तिथे हिरव्यागार बागा असू शकतात. किंबहुना बागा आहेत म्हणूनच उपसा आहे.

मोजणीचे एकक हा दुसरा घोळ. राज्याचे आधी 1,505 आणि पुढे 1,531 पाणलोट पाडले गेले. त्यांची हद्द पाण्याच्या उतारावरून जाते, तलाठ्याच्या नकाशावरून नाही. त्यामुळे एकाच गावाचे शिवार दोन पाणलोटांत पडू शकते. धुऱ्याच्या अलीकडे बंदी, पलीकडे मुभा, हे कोणाला कसे पटवायचे?

संत्रा विदर्भात भोसल्यांच्या अमलापासूनचा, आणि मोटेच्या पाण्यावर वाढलेला. 1972 च्या दुष्काळानंतर खडक फोडणारी यंत्रे राज्यात आली, ती पिण्याच्या पाण्यासाठी. तीच पुढे बागेत शिरली. वीज अश्वशक्तीच्या हिशोबाने मिळे, म्हणजे मोटार दोन तास चालली काय आणि दहा तास काय, बिल तेच. त्यात आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा. मृग बहाराला पावसाचा आधार असतो. आंबियाची फळे ऐन मार्च ते मेमध्ये झाडावर असतात. तेव्हा पाणी तुटले की फळगळ ठरलेली. मग रात्री वावरात बोअरची गाडी लागते, बहुधा तामिळनाडूच्या पाटीची. दांड्याला दांडा जोडत जातो, झाडांवर दगडाची पांढरी भुकटी बसते आणि मालक दर शंभर फुटांना खिसा चाचपतो.

1993 चा राज्य कायदा मुळात पिण्याच्या पाण्यापुरता होता: सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, आणि जाहीर झालेल्या अतिशोषित पाणलोटात तर नकोच. 2009 चा कायदा व्यापक झाला. 60 मीटरपेक्षा खोल ती ‘खोल विहीर’, आणि शेतीसाठी तशी विहीर खोदायला मनाई. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. वरुडकडे आठशे-हजार फुटांच्या गोष्टी चहाच्या टपरीवर चालतात. शिवाय या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू व्हायला 2014 उजाडले, आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी आला 2018 मध्ये.

खरा वाद बंदी कोणावर पडते याचा आहे. ज्याने आधी चार बोअर मारले त्याचे चालूच राहतात. ज्याला अनुदानाची पहिली विहीर हवी त्याचा अर्ज ‘अतिशोषित’ म्हणून परत येतो. ‘ड्रायझोन उठवा’ ही मागणी त्यातून आली आणि ती अन्यायाच्या भावनेतून आली, हे मान्य करावे लागते. पण तो शिक्का उठवल्याने पाणी वर येत नाही, हेही ही मागणी करणाऱ्या सभांत कोणीतरी सांगायला हवे होते.

25 डिसेंबर 2019 ला सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने वाट थोडी बदलली. सात राज्यांसाठी 6,000 कोटी, निम्मी रक्कम जागतिक बँकेच्या कर्जातून. महाराष्ट्रातले 13 जिल्हे, त्यांत अमरावती. बंदीऐवजी गावानेच पाण्याचा ताळेबंद मांडायचा: पाऊस किती, मुरले किती, पिकांना किती लागले. आकडे पंचायतीच्या भिंतीवर रंगवले जातात. अडचण उपशाच्या रकान्यात येते. विहीर सातबाऱ्यावर चढलेली असते, बोअर बहुधा नसतो. तो घरोघर विचारूनच लिहावा लागतो, आणि बंदीच्या गावात ‘तुमचे बोअर किती?’ या प्रश्नाला ‘एकच’ हे उत्तर तयार असते.