माँट्रोझ हवाई तळावरील भूतकथा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील माँट्रोझ येथील जुना लष्करी हवाई तळ व आज तेथे असलेले विमानसंग्रहालय यांच्याशी निगडित आख्यायिका. रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश लष्करी हवाई दलाची क्रमांक दोनची स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी) फेब्रुवारी १९१३ मध्ये माँट्रोझला आली. हा ब्रिटनमधील पहिला कार्यरत लष्करी हवाई तळ मानला जातो.

या कथांच्या मुळाशी एक खरा अपघात आहे. २७ मे १९१३ रोजी लेफ्टनंट डेझमंड आर्थर या आयरिश वैमानिकाच्या बी. ई. २ या द्विपंखी विमानाचा उजवा पंख हवेतच मोडला आणि त्याचा मृत्यू झाला. पंखातील लाकडी वासा पूर्वी मोडला असता कोणीतरी तो कच्चा सांधून वरून कापड चढवले व सांधा झाकून टाकला, असे रॉयल एअरो क्लब या ब्रिटिश विमानोड्डाण संस्थेच्या चौकशीत निष्पन्न झाले. मात्र १९१६ मध्ये सरकारी समितीच्या अंतरिम अहवालाने हा निष्कर्ष अमान्य केला, त्यामुळे अपघाताचा दोष आर्थरवरच येऊ लागला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, उड्डाणाच्या पोशाखातील एक आकृती भोजनगृहाकडे चालत जाते व दाराशी नाहीशी होते, असे अधिकारी सांगू लागले. काहींना रात्री जाग आल्यावर पलंगाच्या पायथ्याशी कोणी बसलेले दिसे. वर्षअखेरच्या अंतिम अहवालात सदोष दुरुस्तीची बाब मान्य झाली आणि जानेवारी १९१७ नंतर ती आकृती दिसेनाशी झाली, असे कथा सांगते. मृत सहकाऱ्यावर अकारण ठपका येतो आहे, ही तळावरील माणसांची सल या कथेत स्पष्ट ऐकू येते. म्हणूनच ती इतर तळांवरील भूतकथांहून अधिक टिकली असावी.

विमानक्षेत्रातील अधिकारी पीटर मेसफील्ड यांनी, १९६३ मध्ये अपघाताच्या बरोबर पन्नासाव्या स्मृतिदिनी माँट्रोझजवळून उडताना एक जुने द्विपंखी विमान मोडून पडताना पाहिल्याचे सांगितले होते.

संग्रहालय ब्रूमफील्ड येथे आहे. माँट्रोझजवळच्या आपल्या पहिल्या जागेवरून स्क्वॉड्रन येथे हलली ती आर्थरच्या मृत्यूनंतर; तरीही तेथील पावलांचे आवाज व सावल्या त्याच्याच नावावर सांगितल्या जातात. अलीकडची बहुचर्चित गोष्ट मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. संग्रहालयातील १९४० च्या दशकातला ‘पाय’ (Pye) या ब्रिटिश कंपनीचा रेडिओ, वीजजोडणी नसताना, चर्चिलची भाषणे व त्या काळचा अमेरिकी वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर याचे संगीत ऐकवतो, असे तेथील स्वयंसेवकांनी सांगितले. तंत्रज्ञांनी मागचे झाकण काढून पाहिले तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यांखेरीज वेगळे काही आढळले नाही.