आरएम फाईलचं नाव बदललं म्हणून ती एमपी३ होत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत विचारा नायतर महाद्वार रोडला, जुन्या सीडीवर आरएम फाईल (म्हणजे जुन्या रिअलऑडिओ पद्धतीतला आवाज ठेवलेली फाईल) निघाली की सल्ला एकच, भावा शेवटचं आरएम काढ, एमपी३ टाक, क्रोममध्ये वाजतंय. नाही वाजत ओ! नोटपॅडमध्ये उघडून बघा, सुरुवातीलाच टिंब आणि आरएमएफ अशी अक्षरं दिसतील आणि पुढं नुसती खिचडी, नाव काहीही ठेवा ती अक्षरं तिथंच राहतात आणि आतला आवाज उलगडणारा कोडेक ब्राउझरकडं नाहीच.

रिअलऑडिओ आलं १९९५ ला, डायल-अपच्या बारीक लाईनवर आवाज पोचावा म्हणून, आणि फॉरमॅट रिअलनेटवर्क्स कंपनीचा स्वतःचा. तेव्हापण ब्राउझर स्वतः वाजवत नव्हता, वेगळं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, वाजवायचं, आणि तसली प्लगइन क्रोमनं २०१५ ला बंद केली, फायरफॉक्सनं २०१७ ला फ्लॅश सोडून बाकीची.

आता ह्याच्यापेक्षा वाईट म्हणजे, वाजत नाही तर फाईल मेली, सीडी द्या टाकून, असं सांगणारे. अहो त्यात आजोबांचं भजन असतंय, गावच्या शाहिराचा पोवाडा असतोय, कुणाकडंच दुसरी कॉपी नसती!

व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून बघा, बहुतेक वाजतील. ब्राउझरमध्येच पाहिजे असेल तर एफएफएमपेग ह्या फाईल बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमनं एमपी३ करून घ्या, फुकट आहे. फक्त मूळ आरएम डिलीट करू नका, एमपी३ करताना आवाज परत थोडा घासला जातो.