आर्ट थेरपी आणि प्ले थेरपी (मुलं व किशोरवयीन)

चित्र, माती, वाळू, बाहुल्या, नाटक, नाच, गाणं, लिखाण, बोर्डगेम अशा गोष्टी हाताशी घेऊन मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मनाला आधार द्यायच्या पद्धतींना ढोबळमानाने आर्ट थेरपी आणि प्ले थेरपी म्हणतात. मराठीत 'कलोपचार', 'क्रीडोपचार' हे शब्द छापलेले सापडतात पण बोलताना फारसं कोणी वापरत नाही, आणि 'क्रीडा' म्हटलं की डोळ्यासमोर मैदान आणि शिट्टीच येते, म्हणून या नोंदीत थेरपी हाच शब्द ठेवलाय. छंदवर्ग वेगळा आणि हे वेगळं. वर्गात चित्र चांगलं यावं अशी अपेक्षा असते, इथे ते कसं आलं याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, काढताना मूल काय करत होतं, कुठे थांबलं, काय खोडलं याकडे लक्ष असतं. मधे एक तिसराही प्रकार आहे, म्हणजे शाळेत किंवा वस्तीत चालणारे गट जिथे आजार वगैरे काही नसतो, नुसतं मन ताजं राहावं एवढाच हेतू असतो. त्याला थेरपी म्हणू नये असं जाणकार सांगतात, पण बोलताना सगळं एकाच नावाखाली जातं.

सुरुवात नेमकी कोणी केली

यावर एकमत नाही. १९०९ साली मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडने पाच वर्षांच्या एका मुलाच्या भीतीची केस छापली, पण मुलाशी बोलायचं काम मुख्यतः त्याच्या वडलांनीच केलेलं, त्यामुळे तिला प्ले थेरपी म्हणणं जरा ओढूनताणून होतं. १९२० च्या लिखाणात तो आपल्या दीड वर्षाच्या नातवाबद्दल सांगतो, की पोरगा दोरी बांधलेलं लाकडी रीळ पलंगाआड फेकायचा, परत ओढायचा, आणि फ्रॉइडच्या मते आई निघून जाते हे दुःख तो असं स्वतःच्या हातात घेत होता. निरीक्षण सुंदर आहे, उपचार मात्र नाही.

उपचारात खेळ आणण्याचं पहिलं श्रेय बहुतेक अभ्यासक व्हिएन्नाच्या हर्मिन हुग-हेलमुट यांना देतात. त्या आधी शिक्षिका होत्या, आणि मुलांच्या विश्लेषणाच्या तंत्रावरचा त्यांचा लेख १९२१ चा आहे. पण १९२४ साली त्यांनीच सांभाळलेल्या भाच्याने त्यांचा खून केला, शिवाय आपल्याबद्दल काही छापू नये अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवलेली, आणि त्यांनी संपादित केलेली एका मुलीची डायरी खरी की रचलेली हा वाद होताच, त्यामुळे नाव मागे पडलं ते पडलंच. त्यांच्यामागून मेलानी क्लाइन आणि फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड या दोन मनोविश्लेषक आल्या, आणि पुष्कळ ठिकाणी इतिहास थेट या दोघींपासूनच सांगितला जातो.

दोघींचं पटलं नाही. क्लाइन लहान लहान लाकडी माणसं, गाड्या, प्राणी द्यायच्या, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र कुलूपबंद खण असायचा, आणि मोठा माणूस जसं मनात येईल ते बोलत सुटतो तसंच मूल खेळत सुटतं असं मानून त्या खेळाचा अर्थ मुलाला तिथल्या तिथे सांगायच्या. ॲना फ्रॉइडचा आक्षेप अगदी साधा होता, की मुलाने खेळण्यातला दिव्याचा खांब पाडला तर तो वडलांवरचाच राग असेल असं कशावरून, त्या दिवशी रस्त्यात तसलं काही बघितलंही असेल. १९२७ च्या आसपास पेटलेला हा वाद पुढे लंडनच्या मनोविश्लेषण संस्थेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही धुमसत राहिला. आज काम करणारे बहुतेक जण क्लाइनची खेळणी वापरतात आणि सावधपणा ॲना फ्रॉइडचा घेतात, आणि ही वाटणी योग्यच म्हणायला हवी.

तिसरी वाट १९४७ च्या सुमाराची, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांची. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या विचारातून त्यांनी आठ तत्त्वं मांडली, त्यांचा सार एवढाच की मूल जसं आहे तसं घ्यायचं, वाट त्याने दाखवायची आपण मागे जायचं, घाई करायची नाही, आणि बंधनं लागतील तेवढीच घालायची. म्हणजे बाहुली आपट, पण मला मारायचं नाही, खिडकी फोडायची नाही.

वाळूचा ट्रे

मार्गारेट लोवेनफेल्ड या लंडनच्या बालरोगतज्ज्ञ, १९२८ मध्ये त्यांनी मुलांसाठी क्लिनिक काढलं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९११ साली जमिनीवर मांडायच्या खेळांबद्दल छोटं पुस्तक लिहिलेलं, ते त्यांच्या डोक्यात होतं, म्हणून त्यांनी एका पेटीत काड्या, कागद, आकार, चिमुकली खेळणी असं काय काय जमवलं. पुढे खोलीत वाळूचे ट्रे आले आणि मुलांनी आपणहून खेळणी उचलून वाळूत मांडायला सुरुवात केली, त्या मांडणीला 'जग' हे नावही मुलांचंच. तंत्र मुलांनी शोधलं असं लोवेनफेल्ड स्वतः सांगायच्या, आणि शोधाचं श्रेय वापरणाऱ्याला देणारे लोक या क्षेत्रात तरी विरळाच. स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ त्यांच्याकडे शिकल्या आणि मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या विचारांशी जोडून त्यांनी 'सँडप्ले' नावाची वेगळी शाखा काढली.

ट्रे अंदाजे ७२ बाय ५७ सेंटीमीटरचा, ७ सेंटीमीटर खोल, म्हणजे डोकं न हलवता एका नजरेत मावेल असा. आतून निळा रंग दिलेला असतो, का, तर वाळू बाजूला सारली की तळाला पाणी दिसतं. जमलं तर दोन ट्रे, एक कोरड्या वाळूचा एक ओल्या. शेल्फवर माणसं, घरं, कुंपणं, मगरी, सैनिक, झाडं, पूल, तुटक्या वस्तूसुद्धा. मूल येतं, बराच वेळ बोटांनी नुसती वाळू गाळत बसतं, मग मगर उचलतं, पुरतं, तिच्यावर कुंपण घालतं, शेपटी बाहेर राहिली म्हणून परत उकरतं. थेरपिस्ट बाजूला बसून असते, फार तर म्हणते "शेपटी अजून दिसतेय". मगर म्हणजे कोण हे विचारत नाही. नवशिक्यांना हे न विचारणंच सगळ्यात अवघड जातं.

चित्राच्या बाजूने

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ चा, ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांचा असं साधारण मानतात, त्यांना क्षय झालेला आणि १९३८ मध्ये सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढताना त्यांना हे सुचलं. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांचं काम त्याच दशकात स्वतंत्रपणे उभं राहिलं, त्यामुळे 'जनक' किंवा 'जननी' ठरवण्यात फार अर्थ नाही. नॉमबर्ग यांच्या मते चित्र म्हणजे मनाशी बोलायचं साधन, खरं काम त्यानंतरच्या बोलण्यात. ईडिथ क्रेमर यांचं म्हणणं उलटं, की चित्र काढण्यातच काम होतं, राग मातीत थापून थापून त्याचा घोडा झाला की रागाचंही काहीतरी झालेलं असतं, वेगळं बोलायलाच हवं असं नाही.

क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. नाझींनी त्यांना १९४२ मध्ये तेरेझिनच्या छावणीत डांबलं, तिथे त्यांनी मुलांचे चित्रवर्ग चालवले, आणि चित्रावर आपलं नाव घालायला त्या मुलांना सांगत. १९४४ मध्ये त्यांना आउश्विट्झला नेऊन मारण्यात आलं. त्याआधी दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं लपवून ठेवलेली होती, ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. नावं घातलेली असल्याने कोणतं चित्र कोणाचं हे आजही कळतं.

साधनाची निवडही गंमतीची गोष्ट नाही. १९७८ साली केगिन आणि लुसेब्रिंक यांनी मांडलं की ओला, पळणारा रंग भावना उसळवतो आणि पेन्सिल, कात्री, कोलाज अशी अडणारी साधनं विचाराला धरून ठेवतात. आधीच सैरभैर झालेल्या पोराला बोटांनी फासायचा रंग दिला तर तो कागदावरून टेबलावर, टेबलावरून शर्टावर आणि मग पोरगं रडकुंडीला, हे पाहिलेल्यांना हा सिद्धांत वेगळा शिकवावा लागत नाही.

नाटक, संगीत, नाच यांचं थोडक्यात. जेकब मोरेनो यांनी व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकातून सायकोड्रामा काढला, १९४२ पासून मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात नाच आणला, आणि १९५९ मध्ये पॉल नॉर्डॉफ व क्लाइव्ह रॉबिन्स यांनी अपंग मुलांबरोबर संगीताचं काम सुरू केलं.

उपयोग नेमका कशाने होतो

लोकांच्या डोक्यात एकच उत्तर असतं, की आत साठलेलं बाहेर पडतं, वाफ जाते. शास्त्रातही हे होतं, १९३८ मध्ये डेव्हिड लेव्ही यांनी 'रिलीज थेरपी' याच विचाराने मांडली. पण पुरावा या बाजूने फारसा उभा राहत नाही. २००२ च्या ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात चीड आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी नाही, जास्त झाला. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांना आधी वाईट वाटलेली गोष्ट आठवायला लावली, मग काहींना तेच चित्रात काढायला सांगितलं, काहींना साधं घर काढायला. घर काढणाऱ्यांचा मूड जास्त सुधारला. अर्थात हे त्या काही मिनिटांचं मोजमाप, महिन्यांचं नाही. लिखाणात तर चित्र उलटंच दिसतं, १९८६ च्या पेनेबेकर आणि बील यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं आपला मानसिक धक्का लिहून काढला, लगेच मन जडच झालं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे कधी वळवणं बरं, कधी भिडणं बरं, आणि कोणाला केव्हा काय हे ठरवायलाच तर शिकलेला माणूस लागतो.

खेळ आपोआप बरं करतो हेही खरं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे २६ मुलांसकट स्कूलबस पळवली गेली, मुलांना जमिनीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलेलं, ती सगळी सुटून आली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी नंतर या मुलांचा अभ्यास केला तेव्हा तोच तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळणारी मुलं दिसली, खेळात आनंद नाही, शेवट बदलत नाही, आणि खेळून झाल्यावर बरंही वाटत नाही. असा अडकलेला खेळ ओळखणं आणि त्यात हळूच एखादा पूल, एखादा मदतनीस आणून ठेवणं हे थेरपिस्टचं काम.

चित्रावरून मन ओळखणं

हे सांगावंच लागतं कारण इंटरनेटवर याचंच पीक आहे, मोठे डोळे म्हणजे संशय, काळा रंग म्हणजे डिप्रेशन, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा. १९४८ च्या बक यांच्या घर-झाड-माणूस चाचणीपासून असल्या पद्धती चालत आल्यात. १९६७ मध्ये लोरेन आणि जीन चॅपमन यांनी विद्यार्थ्यांना माणसाची चित्रं दाखवली आणि ती काढणाऱ्यांची म्हणून लक्षणं कशीही जोडून लिहिली, संबंध मुळात नव्हताच, तरी मोठे डोळे आणि संशयी स्वभाव यांचं नातं 'सापडलं' असं विद्यार्थ्यांनी सांगितलं. आपण जे बघायला बसतो ते दिसतं. काळा खडू वापरला कारण बाकीचे मोडलेले होते हेही शक्य असतं की.

किशोरवयीनांचं काय

जुनी बहुतेक पद्धत ३ ते १२ वयाला धरून बेतलेली. चौदा वर्षांच्या मुलीपुढे बाहुलीघर ठेवलं तर तिला तो अपमान वाटतो आणि तिचं चूक नाही. म्हणून तिथे कोलाज, कॉमिक, मुखवटे, गाण्याचे शब्द, मोबाइलवर छोटा व्हिडिओ, किंवा पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायचे टेबलावरचे गेम. 'मला ड्रॉइंग येत नाही' ही या वयाची ठरलेली पहिली ओळ. तिला ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा रेघोट्यांचा खेळ अजून चालतो. थेरपिस्ट न बघता एक वेडीवाकडी रेघ मारतो, मूल तिचं काहीतरी करतं, मग मूल रेघ मारतं आणि थेरपिस्ट करतो. दोघांचंही चित्र सारखंच वाईट येतं, निम्मं काम तिथेच होतं.

कॉम्प्युटर गेमचं एक उदाहरण नीट तपासलेलं आहे. न्यूझीलंडच्या 'स्पार्क्स' गेममध्ये खेळाडू एका काल्पनिक जगात निराश विचारांना टिपत जातो. २०१२ साली छापलेल्या चाचणीत डिप्रेशनसाठी मदत मागणारे १२ ते १९ वयाचे १८७ जण होते, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा गेम कमी पडला नाही, लक्षणं जवळजवळ गेलेल्यांचं प्रमाण गेमच्या गटात ४४ टक्के तर दुसऱ्यात २६ टक्के होतं.

पुरावा आणि नियम

प्ले थेरपीवरच्या ९३ अभ्यासांचा २००५ मधला एकत्रित आढावा सगळे दाखवतात, परिणामाचं माप ०.८० आलं, म्हणजे चांगलं मोठं, आणि आईवडलांना शिकवून त्यांच्या हातून केलेल्या कामात आणखी जास्त. पण त्यातल्या मुलांचं सरासरी वय सुमारे ७ होतं आणि बरेच अभ्यास लहान होते, त्यामुळे तो आकडा सोळाव्या वर्षाला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात कला आणि आरोग्यावरचे ३,००० हून जास्त अभ्यास गोळा केलेत, त्यांचा दर्जा मात्र सारखा नाही. जीव द्यायचे विचार, स्वतःला इजा करणं असलं काही असेल तर कला आणि खेळ हे डॉक्टरी मदतीच्या जोडीला असतात, तिच्या जागी नाही.

खेळायचा आणि कलेत भाग घ्यायचा हक्क १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये आहे. थेरपिस्ट कोणी म्हणवून घ्यावं याचे नियम देशागणिक वेगळे, ब्रिटनमध्ये आर्ट, म्युझिक, ड्रामा थेरपिस्ट ही नावं कायद्याने राखलेली आहेत, प्ले थेरपिस्ट नाही.

मुलाने केलेल्या वस्तूचं काय करायचं यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. चित्र मुलाचं, ते भिंतीवर लावायचं नाही, त्याला न विचारता कोणाला दाखवायचं नाही, फोटो टाकणं तर दूरच. वाळूचा ट्रे मूल असताना मोडत नाहीत. ते गेलं की फोटो काढून फाइलला लावतात, मग खेळणी एकेक करून शेल्फवर जागच्या जागी, आणि वाळू सपाट.