सोसायटीचा सोलर आणि ओला कचरा : पैसे उभे कसे करायचे
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्यांसाठी माहितीपत्रक

कमिटीच्या बैठकीत सोलर आणि कचरा हे विषय हल्ली जोडीने निघतात. बऱ्याचदा एकाच कोटेशनमध्ये ‘ग्रीन पॅकेज’ म्हणूनही येतात. आमचं म्हणणं एवढंच की कामं हवी तर एकत्र करा, पण हिशेब वेगळे ठेवा. सोलर वीजबिल वाचवून आपला हप्ता आपण भरतो. खताचा प्रकल्प तसं करत नाही; त्याच्यावर कर्ज काढलं, तर ते मेंटेनन्समधूनच फेडावं लागतं.

मोठ्या कामांनाही हाच नियम लागतो. इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बॉण्डमधून, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी काढलेल्या कर्जरोख्यांतून, २४४ कोटी रुपये उभे केले ते जलूदच्या ६० मेगावॅट सोलरसाठी. नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या विजेचा खर्च किती वाचेल, हे तिथे आकड्यांत दाखवता येत होतं. त्याच शहरात २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्रकल्प खाजगी भागीदारीत सुरू झाला. घराघरातून वेगळा केलेला कचरा येत होता आणि सिटी बससाठी गॅस विकत घेणारं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं. ज्या कचऱ्याला यातलं काहीच नाही, त्याला बँक दारात उभी करत नाही.

सोलर : १२० फ्लॅटचं उदाहरण

लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी २५ किलोवॅट धरू. किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते, म्हणजे इथे अडीच हजार चौरस फूट. उंच स्ट्रक्चरसह खर्च किलोवॅटला ६० हजार धरला, तर एकूण १५ लाख. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे साडेचार लाख. योजनेची मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे. (एकट्या घराला मिळणारे कमाल ७८ हजार वेगळे. सोसायटीच्या हिशेबात ते मिसळलेले दिसले, तर कोटेशन परत पाठवा.)

हे अनुदान काम संपून नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणारा मीटर) लागल्यावर आणि तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोवर पूर्ण १५ लाखांची सोय तुम्हालाच करायची असते. पाच वर्षांच्या, १० टक्के व्याजाच्या कर्जाचा हप्ता सुरुवातीला सुमारे ३१,९०० रुपये बसतो. अनुदान आलं की ते मुद्दलात भरा आणि मुदत कमी करण्याऐवजी हप्ता कमी करून मागा. तो २२,३०० च्या आसपास येतो. मुदतीआधी रक्कम भरल्यावर दंड आहे का, हे सही करण्याआधीच विचारा.

समोरची बाजू अशी : वर्षाला ३३ हजार युनिट वीज आणि युनिटमागे १२ रुपये वाचले (तुमचा दर तुमच्या बिलावरून काढा), तर महिन्याला सरासरी ३३ हजार रुपये. पण हा आकडा सरासरीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती एप्रिल-मेच्या निम्म्यावर येऊ शकते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून तीन हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवूनच कर्ज घ्या. गच्ची मोठी आहे म्हणून जास्त किलोवॅट बसवू नका. उरलेले युनिट आर्थिक वर्षात पुढे जातात, पण ३१ मार्चनंतर त्यांचे पैसे कमी दराने मिळतात.

अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर पॅनल लागतात आणि ते महाग असतात. डीसीआर आणि साध्या पॅनलचे दोन्ही भाव मागा, किलोवॅटमागचा फरक १८ हजारांतून वजा करा; खरं अनुदान तेवढंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, त्याआधीच्या दराचं कोटेशन चालवून घेऊ नका.

अर्ज अडतात ते बहुतेक कागदांवर. सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो, किंवा बिलावरचा मंजूर भार १५ किलोवॅटचा आणि अर्ज २५ चा असतो. दोन्ही आधी महावितरणकडे दुरुस्त करून घ्या. कळवा-मुंब्रा-शीळ भागात ही कामं टोरंटकडे होतात.

कंपनीने स्वतःच्या पैशाने बसवायचं आणि तुम्ही युनिटमागे पैसे द्यायचे, हा रेस्कोचा पर्याय कागदावर गोड दिसतो. त्यातली दरवर्षीची दरवाढ, किमान युनिट उचलण्याची अट आणि मुदतीआधी विकत घेण्याचा भाव नीट वाचा. इमारत तीस वर्षांची असेल आणि पुनर्विकासाची चर्चा चालू असेल, तर पंचवीस वर्षांचा करार करूच नका.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात साधे नट-बोल्ट लवकर गंजतात. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधी. नंतर पॅनल काढून पुन्हा बसवण्याचा खर्च कुणी धरलेला नसतो.

ओला कचरा : हप्ता नको, महिन्याची तरतूद

ओला-सुका मिळून रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना कचऱ्याचे नियम अधिक कडक आहेत. १२० फ्लॅटमधून ओला कचरा साधारण ७० किलो निघतो, त्याचं खत १२-१३ किलो. दहा रुपये किलोने सगळं विकलं गेलं, तरी महिन्याला चार हजारांच्या आत. त्यात हे काम बघणाऱ्या माणसाचा पगारही निघत नाही. सोलरच्या हप्त्यानंतर वर उरणारे दहा-साडेदहा हजार या खात्याला लावा, म्हणजे सभासदांवर पडणारा भार बराच कमी होतो.

‘२४ तासांत खत’ म्हणणारी यंत्रं बहुधा हीटरने कचरा वाळवतात. तो भुगा कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतो, वास येतो, झाडाची मुळं जळतात. वर विजेचं बिल. हवेशीर टाक्या स्वस्त पडतात, पण त्यांना सुका पालापाचोळा लागतो. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत ओल यावी, धार लागू नये. धार लागली की हवा जात नाही, काळं पाणी सुटतं, अळ्या होतात आणि तक्रारी सुरू होतात. हे हमखास जूनमध्ये होतं, कारण पाला संपलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम-पिंपळाचा पडलेला पाला झाडून टाकून न देता पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा.

बायोगॅस सोसायटीला आम्ही सहसा सुचवत नाही. गॅस होतो, पण जाळायचा कुठे? महापे-तुर्भ्याच्या कारखान्यांतल्या कॅन्टीनची गोष्ट निराळी. तिथे रोज २०० किलो उष्टं निघालं तर साधारण १६ ते १८ घनमीटर गॅस, म्हणजे सात-आठ किलो एलपीजी वाचतो. १९ किलोचा एक सिलिंडर अडीच दिवसांत. अशा प्रकल्पावर कर्ज फिटू शकतं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि लिंबाची सालं आत जात नसतील तर.

आमच्या भेटीआधी हे हाताशी ठेवा : सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं, टाकी आणि लिफ्टरूम दाखवणारा गच्चीचा नकाशा, शेवटचा ऑडिट रिपोर्ट आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा मसुदा. सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीला) हात लावायचा विचार असेल, तर आधी ऑडिटरशी बोला. आणि सलग सात दिवस ओला कचरा वजन करून लिहा, त्यात एक रविवार असू द्या. त्या दिवशी मटण-मासळीचा कचरा वाढतो, टाकीचा आकार त्यावर ठरतो.