नंबर जुळला म्हणजे इंजिन अस्सल?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावाचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो: इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी (नंबरप्लेटशी नव्हे, कारखान्याने दिलेल्या चासी नंबराशी) जुळला, की इंजिन मूळचंच. हे पटणं स्वाभाविक आहे, कारण नंबर जुळायला हवाच. पण तेवढं पुरेसं नाही.

१९६७ची शेवरोले कॉर्व्हेट घ्या. तिच्या व्ही-८ इंजिनावर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, एक छोटी सपाट जागा असते. गाडीच्या नंबराचे अखेरचे आकडे आणि इंजिन जोडल्याची तारीख तिथे ठोकलेली असते. ठोकलेली, ओतलेली नव्हे. म्हणजे घासून पुन्हा ठोकता येते. म्हणून ती जागा भिंगातून पाहा. कारखान्यातल्या यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. नसल्या म्हणून लगेच कुणाला लबाड ठरवू नये. प्रामाणिक दुरुस्तीतही तो भाग घासला जातो.

मग ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावरची, ओतकामाची तारीख वाचा. ती धातूतूनच उठलेली असते, बदलणं अवघड. 'सी १४ ७' म्हणजे १४ मार्च १९६७. सातचा अर्थ १९७७ही निघू शकतो, म्हणून ब्लॉकचा ओतीव क्रमांकही ताडून पाहा. आधी ओतकाम, मग इंजिन, मग गाडी. हा क्रम उलटत नाही. फेब्रुवारीत बनलेल्या गाडीत मार्चचा ब्लॉक असेल, तर ठोकलेला नंबर कितीही जुळो, ते तिचं मूळ इंजिन नाही. तारीख फोटोत नसेल, तर बोली लावण्याआधी विक्रेत्याकडून स्पष्ट फोटो मागून घ्या.