छताचा गिलावा भिजलाय की स्लॅबची सळई गंजलीय?

वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत किंवा ठाण्यात नौपाडा-कोपरीकडे छताला डाग पडला की आधी रंगारी बोलावला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. नुसता गिलावा भिजला असेल आणि गळती थांबली असेल तर नीट केलेलं हे काम टिकतं. आतली सळई गंजली असेल, तर तीच पुट्टी धोका झाकून ठेवते. म्हणून आधी ओळख पटवा.

खाली पडलेला तुकडा फेकू नका, तो सगळ्यात खात्रीचा पुरावा आहे. छताचा गिलावा जेमतेम ६ मिमी जाडीचा असतो. तुकडा पातळ, नुसता वाळू-सिमेंटचा असेल आणि वर घट्ट राखाडी काँक्रीट दिसत असेल, तर प्रकरण गिलाव्याचं. तुकड्यात खडी असेल, पाठीवर सळईची तांबूस खाच उमटलेली असेल, तर स्लॅबच फुटतोय.

काही पडलेलं नसेल तर चिरा पाहा. भिजलेल्या गिलाव्यावर कडा गडद असलेला पिवळट डाग, पोपडे आणि पांढरा क्षार दिसतो. गंजाची चीर सरळ रेषेत धावते आणि बऱ्याचदा सहा-आठ इंचांवर तिला समांतर दुसरी असते, कारण सळया साधारण तेवढ्याच अंतरावर बांधलेल्या असतात. हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज मात्र दोन्हींत येतो. तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका, छोटा भाग छिन्नीने टोचून आत बघा.

गंज इतका घातक का? चांगल्या काँक्रीटचा पीएच (अल्कलीपणाचं माप) १२-१३ असतो, त्या अल्कलीत सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, पीएच ९ च्या आसपास उतरतो आणि ते संरक्षण जातं. खाडीकाठच्या हवेतले क्षार हे काम आणखी लवकर करतात. वरच्या बाथरूमची गळती गंजाला लागणारा ओलावा पुरवते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो.

दोन्हींत पहिलं काम गळती बंद करणं. वरच्या बाथरूमची नहाणी (पाणी जाण्याचं भोक) बुजवून रंगीत पाणी २४ तास साठवा. खाली तोच रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग किंवा नहाणीचा सांधा गेलाय. कोणी पाणी वापरत नसतानाही ओल वाढत असेल तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या. छताला खालून वॉटरप्रूफ रंग लावणं हा उपाय नाही, पाणी स्लॅबमध्येच अडकतं. पाणी दिव्या-पंख्याजवळ आलं असेल तर त्या लाइनचा एमसीबी आधी पाडा.

गिलाव्याची दुरुस्ती सोपी. डागाच्या कडेपलीकडे सहा इंचांपर्यंत सैल गिलावा काढा आणि छत सुकू द्या. एक फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा, आत थेंब जमले तर अजून थांबा. पावसाळ्यात हे सुकणं रेंगाळतं, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत वाट पाहणं शहाणपणाचं. मग एसबीआर (चिकटपणा वाढवणारं रबरी द्रावण) मिसळलेली सिमेंटची पातळ स्लरी, ती ओली असतानाच एक भाग सिमेंट, तीन भाग वाळूचा गिलावा, पाणी मारून पक्का झाला आणि सुकला की पुट्टीचे दोन हात. डागाच्या जागी ऑइल प्रायमर लावा, नाहीतर पाण्याच्या रंगातून पिवळेपणा परत वर येतो.

सळईच्या कामाला रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. टोचायच्या आधी स्लॅबला टेकू द्यायचे. काँक्रीट सळईच्या मागेही २० ते २५ मिमी मोकळं करायचं. नेमकं हेच टाळलं जातं, आणि मागच्या बाजूला राहिलेला गंज नवीन भर पुन्हा पाडतो. सळई वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची. ती पाव भागाच्या आसपास खाल्ली गेली असेल तर जोडीला नवी सळई. ८ मिमीच्या सळईला व्यासाच्या ५० पट, म्हणजे ४०० मिमी लॅप (जुनी-नवी सळई शेजारी-शेजारी बांधायची लांबी) धरतात. त्यानंतर झिंक प्रायमर, बाँडिंग कोट (जुनं-नवं चिकटवणारा थर) आणि पॉलिमर मॉर्टर: एक भाग सिमेंट, तीन भाग क्वार्ट्झ वाळू, ५० किलोच्या गोणीला साडेसात ते दहा किलो पॉलिमर. एका थरात १०-१२ मिमीच. जाड थर डोक्यावरून सुटून पडतो. खड्डा ५० मिमीपेक्षा खोल असेल तर शटरिंग (साचा) लावून मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओतलेलं बरं. या खड्ड्यात पीओपी भरणं तर सर्वांत वाईट. जिप्सममध्ये सिमेंटची अल्कली नसते, सळईला संरक्षण शून्य, आणि ओल मात्र धरून राहतं.

खर्च कोणाचा, हेही याच फरकावर ठरतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम) शौचालय-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्यांचा. छतांची संरचनात्मक दुरुस्ती, तसंच गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाने शेवटच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान संस्थेच्या खर्चाने. त्यामुळे टोचलेल्या जागेचे, उघड्या सळईचे फोटो काढा आणि ते जोडून संस्थेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर त्याच अर्जात स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी करा. एका घरात सळई उघडी पडली असेल, तर त्याच बाथरूमच्या रांगेतल्या बाकी मजल्यांची छतंही ठोकून पाहायला हवीत.